फणसवाडीतला चंद्रोदय

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्याच इमारतीच्या गच्चीची किल्ली मागून बघावी. चंद्रावर पोचायला जगाला एवढी वर्षं का लागली ते लगेच कळतं. मी हे गमतीने म्हणत नाही. सव्वीस वर्षं मी एका विमा कंपनीत लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत पाठवतो आहे, त्यामुळे अर्ज या विषयात तरी माझ्या शब्दाला वजन असायला हरकत नव्हती. पण घरात ते नाही, फणसवाडीत नाही, आणि गेल्या अंगारकीनंतर तर विचारूच नका.

प्रश्न अगदी साधा होता. आमची आई, यशोदाबाई धैर्यवान, वय वर्षं एकोणऐंशी, संकष्टी करते. दिवसभर उपास, रात्री चंद्र दिसला की त्याला अर्घ्य, मग जेवण. पन्नासेक वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण आमची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी पूर्वेला आहे आणि समोर कौलांशिवाय काही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिथे बेचाळीस मजल्यांचा दोन विंगांचा टॉवर उभा राहिला. त्याच्या जाहिरातीत आकाशाशी नातं वगैरे लिहिलं होतं. त्यांचं जुळलं, आमचं तुटलं. आता चंद्र उगवतो नऊ-सव्वानऊला, पण टॉवरच्या डोक्यावरून आमच्या गॅलरीत डोकवायला त्याला साडेअकरा वाजतात. तोवर आई खुर्चीत बसून. त्यात तिला साखर. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर सांगितलं होतं, "आजी, दहाच्या आत जेवण, नाहीतर उपास बंद." मागच्या संकष्टीला खुर्चीतून उठताना तिचा तोल गेला. कठडा हाताला लागला म्हणून वाचली. 

"आई, अगं कॅलेंडरमध्ये वेळ छापलेली असते," मी म्हटलं. "मुंबई, नऊ बावीस. नऊ बावीस झाले की जेव."

"उपास चंद्र दिसला की सोडायचा असतो. कॅलेंडर दिसलं की नाही."

"मी करते आई उपास तुमच्या नावाने," प्रिती म्हणाली. प्रिती म्हणजे माझी बायको. तिचा हेतू चांगला होता.

"मग जेवशीलही तूच माझ्या नावाने," आई म्हणाली.

तेव्हा मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की, येत्या अंगारकीला दहाच्या आत मी आईला खराखुरा चंद्र दाखवीन. प्रितीने विचारलं, हॉलच्या पंख्याचा रेग्युलेटर मी आधी दाखवणार आहे की चंद्रानंतर.

आमच्या ऑफिसात विकास म्हणून माझा मित्र आहे. क्लेम्स बघतो. करी रोडला राहतो. आधी चाळीत होता, आता चाळीच्याच जागेवर झालेल्या टॉवरमध्ये तेविसाव्या मजल्यावर, आईबरोबर. हा हौशी आकाशनिरीक्षक. सुट्टी आली की दुर्बीण पाठीला लावून मुरबाडच्या पलीकडे जातो आणि सोमवारी लाल डोळ्यांनी कामावर येतो. त्याला मी अडचण सांगितली. मला वाटलं हसेल. पण तो खुर्ची ओढून जवळ बसला.

"अरे, नेटवर सगळं आहे. आणि फुकट. आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी लोकांनी काय काय करून ठेवलंय, तुला कल्पना नाही." आणि त्याने मला एकदम अकरा लिंका पाठवल्या. 'आपल्यासारख्या' हा शब्द मला फार आवडला. त्या एका शब्दापायी पुढचं सगळं झालं असं प्रितीचं मत आहे.

पहिली लिंक होती उजेडाच्या नकाशाची. कुठल्या गावात रात्री किती काळोख शिल्लक आहे ते त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. काळा सर्वांत उत्तम, मग निळा, हिरवा, पिवळा, लाल, आणि सर्वांत वाईट तो पांढरा. मी गिरगाव मोठं करून बघितलं. इतकं पांढरं, की मला वाटलं पान उघडलंच नाही. आकाशाच्या नऊ इयत्ता असतात म्हणे, पहिलीत सर्वांत जास्त तारे. आम्ही नववीत. आणि पुढे दहावी नाहीच.

दुसरी लिंक ढगांची. पुढच्या तीन दिवसांचा एकेक तास म्हणजे एकेक चौकोन. गडद निळा असला की आकाश स्वच्छ. प्रितीने माझ्या खांद्यावरून बघून विचारलं, "यावरून मिरच्या वाळत घालायला जमेल का?" तिने घातल्या, आणि कडकडीत वाळल्या. या संपूर्ण प्रकल्पातला यशस्वी झालेला प्रयोग तेवढाच, आणि तो माझा नाही.

तिसरी लिंक म्हणजे जगभरच्या हौशी मंडळींचा कट्टा. काहीही विचारा, कोणी ना कोणी उत्तर देतं. मी इंग्रजीत सविस्तर लिहिलं: माझ्या आईला रात्री दहाच्या आत चंद्र बघायचा आहे, मध्ये टॉवर आहे, काय करावं? फिनलंडच्या एका सद्गृहस्थांनी लिहिलं, शहरापासून गाडीने दोन तास लांब जा. दुसऱ्याने विचारलं, आईच्या दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास किती? मी कळवलं की आईकडे दुर्बीण नाही, डोळे आहेत, पैकी डाव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यावर चार दिवस आपसात वाद चालला, त्यात माझी आई कुठल्या कुठे राहिली. शेवटी चिलीहून एकाने लिहिलं, "आईंना माझा नमस्कार सांगा. माझीही अशीच आहे." मला तेच उत्तर सर्वांत शास्त्रीय वाटलं.

पण खरी जादू चौथ्या लिंकेत होती. ते ॲप. मोबाइल आकाशाकडे धरला की समोर काय आहे ते नावानिशी दाखवतं. मध्ये भिंत असो, टॉवर असो, त्याला फरक पडत नाही. मी लगेच आईला गॅलरीत बोलावलं.

"हा बघ चंद्र! बरोब्बर टॉवरमागे."

आईने चष्मा सारखा केला. "हा आत्ताचा, का काढलेला?"

"गणिताने काढलेला आहे, आई. पण खरा तिथेच आहे, त्या टॉवरच्या मागे."

"टॉवरच्या मागे आहे ते मला मोबाइलशिवायपण माहीत आहे, हेरंबा," ती म्हणाली आणि आत गेली.

त्या ॲपला दिशा कळायला मोबाइल हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा फिरवावा लागतो. मी गॅलरीत उभा राहून मनापासून फिरवत होतो, तर शेजारच्या खिडकीतून शेवंतीकाकूंचा आवाज आला, "दृष्ट कोणाची काढतोयस? मीठ-मोहऱ्या नकोत का?" मी समजावून सांगितलं. त्या "बरं बरं" म्हणाल्या, पण संध्याकाळी प्रितीकडे वाटीत मीठ-मोहऱ्या देऊन गेल्या.

पुढे विकासने शिकवलं की हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात दहा अंश व्यापते. म्हणजे दोन मुठी म्हणजे वीस अंश. मी रोज ऑफिसातून आल्यावर गॅलरीत उभा राहून टॉवरवर मुठी मोजू लागलो. पाचव्या दिवशी टॉवरच्या ऑफिसातून टाय लावलेला एक माणूस घरी आला. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ रोज संध्याकाळी टॉवरला मूठ दाखवतात, असा वॉचमनने रिपोर्ट केला होता. "सर, आपला काही आक्षेप आहे का? लेखी दिलात तर बरं होईल." आक्षेप होताच, पण तो चंद्राबद्दल होता आणि त्यांच्या फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता. त्याला चहा देऊन वाटेला लावला. वाडीत मात्र त्याच रात्री बातमी पसरली की धैर्यवान एकटा टॉवरशी लढतोय. सव्वीस वर्षं ऑफिसात घालवून जो मान मिळाला नाही तो मला चार मुठींत मिळाला. मी तो नाकारला नाही, ही माझी पहिली चूक.

मान मिळाला की सल्ले येतात. तळमजल्यावरचे मनूकाका रेशनिंग ऑफिसातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "एवढा अभ्यास कशाला करतोस? दहा मिनिटांवर चौपाटी. आईला तिथे ने. आकाश मोकळंच मोकळं."

"काका, चौपाटी पश्चिमेला. चंद्र उगवतो पूर्वेला."

"मावळतो तर तिकडेच ना?"

"मावळतो दुसऱ्या दिवशी सकाळी."

"मग सकाळी ने," काका म्हणाले आणि पेपर वाचू लागले. एवढा मोठा समुद्र देवाने आम्हाला दिला आणि तो नेमका चुकीच्या बाजूला ठेवला.

शेवटी पाचव्या लिंकेने मार्ग दाखवला. तिथे आपली जागा आणि तारीख टाकली की चंद्र कुठल्या मिनिटाला कुठल्या दिशेला किती उंच असेल त्याचा तक्ता येतो. सहाव्या लिंकेत उपग्रहातून घेतलेला नकाशा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून तीन रविवार मी गणित मांडलं. आणि सापडलं! टॉवरच्या दोन विंगांमध्ये फट आहे. आमच्या गच्चीच्या ईशान्य कोपऱ्यातून बघितलं तर पौषातल्या अंगारकीला चंद्र नऊ बावन्नला त्या फटीत शिरणार आणि दहा वाजून चार मिनिटांनी बाहेर पडणार. बारा मिनिटं! आईचं अर्घ्य दोन मिनिटांत उरकतं. मी लगेच विकासला फोन केला. तो म्हणाला, "एकदा वर जाऊन डोळ्यांनी बघून घे रे." मी हो म्हटलं. म्हणजे बघणारच होतो. पण गच्चीला कुलूप होतं.

किल्ली सेक्रेटरीकडे. सेक्रेटरी हर्षवर्धन, वय अडतीस, कुठल्याशा कंपनीत माणसं नेमायचं काम करतो आणि मला काका म्हणतो. मी बावन्न वर्षांचा आहे. "काका, प्रोसेस आहे ना," तो म्हणाला आणि फॉर्म दिला. त्यात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना. मी लिहिलं, चंद्रदर्शन.

"हे धार्मिक आहे का वैज्ञानिक?"

"का?"

"धार्मिक असेल तर मॅनेजिंग कमिटीचा ठराव लागतो. वैज्ञानिक असेल तर उपकरणं आली, मग अपघात झाला तर जबाबदारी कोणाची याचं हमीपत्र लागतं."

"आणि दोन्ही असेल तर?"

हर्षवर्धनने बराच विचार केला. "दोन्ही असेल तर जनरल बॉडी."

मी अर्ज तीन वेळा बदलून दिला. एकदा सही राहिली म्हणून परत आला, एकदा सही रकान्याच्या बाहेर गेली म्हणून. सव्वीस वर्षं ज्या लोकांचे अर्ज मी परत पाठवले त्यांचे चेहरे मला त्या आठवड्यात डोळ्यांसमोर दिसायला लागले. शेवटी मनूकाकांनी तोड काढली: कारण म्हणून 'पाण्याच्या टाकीची पाहणी' लिही. तसं लिहिलं आणि मंजुरी मिळाली. फक्त पाहणीच्या दिवशीच किल्ली मिळेल, आधी नाही.

तोवर माझ्या हातून दुसरी चूक घडली होती, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. देवळाच्या पायरीवर शेवंतीकाकूंनी मला गाठलं. "हेरंब, तू म्हणतोस चंद्र टॉवरमागे असतो. म्हणजे तीन वर्षं आम्ही कॅलेंडर बघून जेवतोय, ते चंद्र न दिसताच?"

"शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर, होय," मी म्हणालो.

प्रितीने मला कोपर मारलं, पण शब्द बाहेर पडला होता. वाडीतल्या संकष्टी करणाऱ्या सगळ्यांनी आजवर कॅलेंडर बघून सुखाने मोदक खाल्ले होते. त्या दिवसापासून एकालाही ते मनाला पटेना. एकट्या आईचा प्रश्न होता, तो आता एकतीस जणांचा झाला. 'चंद्रोदय फणसवाडी' नावाचा ग्रुप निघाला. त्यावर लोक मला साडेसाती कधी संपेल ते विचारू लागले. एकीने विचारलं, पाणी किती वाजता येईल. मी जिन्याखालच्या सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'अंगारकी. चंद्रदर्शन रात्री ९.५२ ते १०.०४. गच्ची, ईशान्य कोपरा. रांगेत यावे.' खाली सही केली. ती सही करायला नको होती.

अंगारकी उजाडली. ढगांच्या साइटवर सगळे चौकोन गडद निळे. किल्ली हातात आली रात्री पावणेनऊला. सव्वानऊपर्यंत गच्ची भरली. ताम्हनं, तांबे, दूर्वा, निरांजनं, मोदकांचे डबे, शाली, दोन खुर्च्या. विकास दुर्बीण घेऊन करी रोडहून मुद्दाम आला होता. आईला दोघांनी धरून जिने चढवलं. ती दमली होती, पण मी तिला कोपऱ्यात सर्वांत पुढे बसवलं आणि म्हटलं, "फक्त अर्धा तास, आई."

नऊ पंचेचाळीसला मी फटीकडे बोट करून छोटंसं भाषण केलं. नऊ पन्नासला सगळे उभे राहिले. नऊ बावन्नला फटीत लाल उजेड दिसला.

"आला!" शेवंतीकाकू ओरडल्या. "अंगारकीचा लालबुंद आला बघा!" आणि एकोणीस जणांनी अर्घ्य सोडलं. घंटा वाजली. कुणी 'मोरया' म्हटलं. मलाही भरून आलं होतं.

विकास माझ्या कानाशी लागला. "हेरंब, तो दिवा आहे."

"कसला दिवा?"

"क्रेनचा."

मी दुर्बिणीला डोळा लावला. दोन विंगांच्या मधल्या फटीच्या बरोब्बर मागे, काळबादेवीच्या अंगाला, एक तिसरा टॉवर उभा राहत होता. छत्तीस मजले झाले होते आणि वर क्रेन. उपग्रहाचा नकाशा दोन वर्षांपूर्वीचा होता. त्यात त्या जागी नुसता खड्डा होता. तो खड्डा मी तीन रविवार बघत होतो. दिवसाउजेडी एकदा कसंही करून गच्चीवर आलो असतो तर आमच्या भागातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला दिसलं असतं ते मला दिसलं असतं.

हे मला एकतीस उपाशी माणसांना सांगावं लागलं. त्यांतल्या एकोणीस जणांनी क्रेनला अर्घ्य दिलेलं होतं. त्यानंतर काय काय बोलणं झालं ते मी इथे सांगत नाही. हर्षवर्धन तेवढा शांतपणे म्हणाला, "काका, फॉर्मवर टाकीची पाहणी लिहिलं होतं. ही गर्दी कसली?" शेवटी मनूकाकांनी हात वर केला. "मंडळी, चंद्र उगवलेला आहे. हेरंबला दिसत नाही एवढंच. गणपतीला सगळं कळतं. जेवा!" आणि दोन मिनिटांत डबे उघडले. तीस जणांनी मोदक खाल्ले, माझ्याकडे पाठ करून.

आई खुर्चीत तशीच बसून होती. प्रितीने तिच्यापुढे मोदक धरला.

"नको गं. मला दिसला नाही अजून."

तिचा हात गार लागत होता. दहा वाजून गेले होते. मला स्वतःची एवढी लाज वाटली की सांगता येत नाही. प्रतिष्ठा गेली ती गेली, पण मी या बाईला जिने चढवून थंडीत उपाशी बसवलं होतं, आणि घरी गॅलरीत आणखी दीड तास काढायचा होता. विकासने माझ्याकडे बघितलं आणि घरी फोन लावला.

"आई, जागी आहेस? आपल्या गॅलरीतून चंद्र दिसतो का बघ."

स्पीकरवर खणखणीत आवाज आला. "दिसतोय की, चांगला हातभर वर आलाय. का रे?"

"दोन माणसं घेऊन येतोय. हेरंबच्या आई आहेत, दिवसभराचा उपास आहे त्यांचा."

"म्हणजे जेवायच्या आहेत ना? मग मी थांबते. आण लवकर."

प्रिती म्हणाली, "जा तुम्ही, इथलं मी बघते." इथलं म्हणजे हर्षवर्धन आणि जनरल बॉडी. ती खरोखर थोर बाई आहे.

नाक्यावर टॅक्सी मिळाली. विकास पुढे, आई मागे उजवीकडच्या खिडकीशी, मी तिच्या शेजारी. मी लगेच मोबाइल उघडला. करी रोडला पोचेपर्यंत चंद्र किती अंशांवर असेल, विकासची गॅलरी नेमकी कुठल्या दिशेला, मधे आणखी कुठला टॉवर नाही ना, यावेळी मला कसलीही चूक परवडणार नव्हती. ॲप दिशा विसरलं होतं, म्हणून मी टॅक्सीतच आठ काढले. वाटेत आईने पाण्याची बाटली मागितली, ती दिली. चूळ भरली असावी, खिडकीतून पाणी टाकल्याचा आवाज आला. एकदा हात जोडले तिने. रस्त्यात देऊळ दिसलं की ती जोडतेच, त्यामुळे मी मान वर केली नाही. "आई, सतरा अंश झाला," मी म्हटलं. "बरं," ती म्हणाली.

लिफ्ट तेविसाव्या मजल्यावर थांबली तेव्हा दार उघडंच होतं. विकासच्या आई, जाईबाई, पदर खोचून उभ्या होत्या. आईच्याच वयाच्या, पण ताठ. भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो, खाली फुलं. जमिनीवर दोन पाट मांडलेले, दोन ताटं, भात, मसुराची आमटी, वांग्याचं भरीत. आम्ही कुठे बाहेर जेवायला गेलो की आईच्या हजार अटी असतात. कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या नाही याचा तिच्या पिढीचा हिशोब मी लहानपणापासून ऐकलेला. मी घाईघाईने पुढे झालो. "नाही, म्हणजे, आई सहसा बाहेरचं... आधी चंद्र, मग घरी जाऊन..."

"तू गप्प बस रे," आई म्हणाली आणि जाईबाईंचा हात धरून पाटावर टेकली.

मला वाटलं, दमली असेल, क्षणभर बसेल. मी धावत गॅलरी गाठली. आणि काय सांगू! शिवडीच्या बाजूला सगळं आकाश मोकळं, आणि त्यात पिवळसर, एका अंगाने जरा झिजलेला, भला मोठा चंद्र. टॉवर नाही, क्रेन नाही, फट नाही. एक महिना, अकरा लिंका, आणि हा इथे आपला आपण लटकलेला.

"आई! ये, ये लवकर! दिसला!"

मी पुन्हा हाक मारली. मग आत डोकावलो. आई जेवत होती. तोंडात घास, समोर जाईबाई, दोघी जणी कुठल्यातरी मेल्या सांध्यांच्या दुखण्यावर बोलत होत्या. पन्नास वर्षांचा नेम असा मसुराच्या आमटीत बुडालेला बघून मला धक्काच बसला.

"आई, अगं तू चंद्र न बघताच जेवायला बसलीस?"

"बघितला की," आई म्हणाली. "भायखळ्याच्या पुलावर. छान वर आला होता. अर्घ्यपण दिलं, तुझ्या बाटलीतलं. तू मोबाइलमध्ये होतास."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? तिथूनच टॅक्सी वळवली असती! पंधरा मिनिटांत घरी जेवली असतीस!"

"म्हणून तर बोलले नाही." तिने भातावर आमटी ओढून घेतली. "घरी तुम्ही आठ वाजता जेवून मोकळे होता. मग झाकलेलं ताट उघडायचं आणि साडेअकराला एकटीने जेवायचं. इथे या बाई माझ्यासाठी थांबल्या होत्या."

रागाने नाही म्हणाली. भरीत छान झालंय म्हणावं तसं म्हणाली. तीन वर्षांत छत्तीस संकष्ट्या झाल्या असतील. छत्तीसही वेळा मी आठला जेवलो होतो, आणि जेवून झाल्यावर तिच्या चंद्राची काळजी केली होती. आजच तेवढं धावपळीत माझं जेवण राहून गेलं होतं.

"तुम्हीपण बसा ना, भाऊ," जाईबाई तिसरं ताट घेत म्हणाल्या. "का तुम्हाला तो अजून बघायचाय?"

मी बसलो.